नवघरच्या सोसायटीने कोणता फायर अलार्म घ्यावा?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या परिसरात जुन्या चार मजली सोसायट्या आणि नवे टॉवर शेजारीशेजारी उभे आहेत. दोन्हींना एकच यंत्रणा चालणार नाही. झोनवर चालणाऱ्या साध्या पॅनेलवर 'दुसरा मजला' एवढाच दिवा लागतो. मजल्यावर चारच घरे असतील तर तेवढे पुरते. टॉवरमध्ये मात्र कोणत्या डक्टमधल्या डिटेक्टरने इशारा दिला, हे नेमके दाखवणारे अ‍ॅड्रेसेबल पॅनेलच हवे. जागाही पाहावी लागते. स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर लावला तर फोडणी पडली की तो वाजणार, आणि चार वेळा उगाच वाजला की कोणीतरी पॅनेलच बंद करून ठेवणार; तिथे उष्णता ओळखणारा लावावा. मीटर रूममध्ये वायरचे आवरण आधी धुमसते, म्हणून तिथे धुराचाच.

खर्च परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, बसवलेली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्यामुळे बसवण्याच्या किमतीआधी देखभालीचे आणि बॅटरीचे दर विचारावेत. सोसायटीला जिची देखभाल झेपेल तीच यंत्रणा घ्यावी. जिन्यातल्या भोंग्याचा आवाज दार बंद असलेल्या बेडरूममध्ये ऐकू येतो का, याची चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.