मानेतली नळी

पूर्णेच्या खोऱ्यातला दर्यापूर तालुका खारपाण पट्ट्यात मोडतो. विहिरींचं पाणी खारं, आणि किडनीच्या आजाराची ओरड जुनी. डायलिसिस हा शब्द इथे खेड्यापाड्यांत तोंडी बसलाय. रुग्ण उशिरा पोचला की हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून देणं, करायला उसंत नसते. शीर फुगून तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. मग मानेतून हृदयालगतच्या मोठ्या शिरेत नळी टाकतात. बाहेर दोन टोकं राहतात, एकाला लाल चाप, दुसऱ्याला निळा. लालमधून रक्त मशीनकडे जातं, निळ्यातून परत येतं.

जीव वाचवणारी हीच नळी जंतूंना रक्तापर्यंत थेट वाट करून देते. ते नळीला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, आणि त्या थराआड औषधाचा नीट मारा होत नाही. मशीन सुरू झाली की रुग्णाला हुडहुडी भरते, दात वाजतात, ताप चढतो. अनुभवी सिस्टर लगेच नळीकडे बघते.

म्हणून नळीलाच औषध पाजायची कल्पना निघाली. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत टाकतात त्या अशाच नळ्यांना आतून-बाहेरून मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिनचा लेप दिला. औषधं दोन, कारण एकट्या रिफाम्पिनला जंतू लवकर जुमानेनासे होतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात रक्तातला संसर्ग या नळ्यांत ०.३ टक्के निघाला. फक्त बाहेरून क्लोरहेक्सिडिन आणि सिल्व्हर सल्फाडायझिन लावलेल्या नळ्यांत ३.४ टक्के. लघवीच्या नळीवर मात्र हे जमलं नाही. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत सात हजारांवर रुग्ण तपासले, २०१२ मध्ये निकाल आला: चांदीच्या लेपाने फरक पडला नाही.

डायलिसिसच्या नळीसाठी आणखी एक युक्ती आहे. मशीन सुटल्यावर नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरून ठेवतात, त्यात कुठे कुठे जंतू मारणारं जेंटामायसिनही मिसळतात. त्याला ‘लॉक’ म्हणतात.

तरी महागड्या लेपाची वाट पाहत बसू नये, असं मला ठामपणे वाटतं. मिशिगनमधल्या १०३ अतिदक्षता विभागांनी हात धुणं, निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, मांडीतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं एवढंच कसोशीने पाळलं. संसर्ग झपाट्याने उतरला. हे तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकतं. घरच्यांनी ड्रेसिंग कोरडं ठेवावं, नळीवरून आंघोळीचं पाणी जाऊ देऊ नये. आणि किडनी थकल्याची खूण असलेलं रक्तातलं क्रिएटिनिन चढू लागलं की फिस्टुलाचं लगेच विचारावं. ज्या हातावर तो करायचा, त्या हाताच्या शिरेत सलाइनची सुई लावू देऊ नये.