सहा हजारांचा कंट्रोलर घ्यावा का?

सावेडीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी सहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाला गेम खेळायचा कंट्रोलर हवा होता. शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे पहिल्याच महिन्यात १२० रुपये. मग आम्ही मुलालाच बोलावून तीन प्रश्न विचारले.

पहिला, तुझा गेम कंट्रोलरवर चालतो का? मोबाइलवरचे बरेच गेम फक्त बोटांनीच खेळता येतात.

दुसरा, टिकेल किती? कंट्रोलरच्या दांडीखालचा भाग घासून झिजतो, मग हात न लावताही खेळाडू आपोआप सरकतो. चुंबकावर चालणाऱ्या दांडीत ही घासाघास नसते आणि तसे कंट्रोलर कमी किमतीतही मिळतात. म्हणजे महाग तेच टिकाऊ, असं नाही.

तिसरा, गेमच बंद झाला तर? २०२० साली पबजीवर बंदी आलीच होती.

मुलगा म्हणाला, "आधी मित्राचा वापरून बघतो." ताईंनी अर्ज मागे घेतला.

मैत्रिणींनो, मुलांना नुसतं रागावू नका, त्यांना हिशेबाला शेजारी बसवा. हौस बचतीतून करावी, कर्जातून नको.