धरणारा आणि सोडणारा दगड

कोविडच्या दुसऱ्या लाटेनं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नाव घरोघरी पोचवलं. जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट असेल, तर हे मशीन आजही पलंगाशेजारी घरघरताना दिसेल. ते ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीच्या हवेत तो २१ टक्के असतोच. ७८ टक्के नायट्रोजन बाजूला काढायचा, एवढंच त्याचं काम.

झाकण काढलं की कॉम्प्रेसरजवळ दोन नळकांडी दिसतात. त्यांत खसखशीएवढे मळकट पांढरे मणी भरलेले असतात. हा झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा सच्छिद्र स्फटिक. दाबाखाली हवा आत शिरली की छिद्रांतले सोडियम किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढतात. पुढे निघतो ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन. आर्गॉन सोबत राहतो, त्यामुळे शंभर टक्के कधीच होत नाही. मणी भरत आले की झडप फिरते, दाब उतरतो आणि नायट्रोजन फुस्स करून बाहेर पडतो. तोवर दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. अमेरिकेत चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यांना या तंत्राचं पेटंट १९६० साली मिळालं. रुग्णालयांतले ऑक्सिजनचे पीएसए (प्रेशर स्विंग ॲडसॉर्प्शन) प्लँटही याच तत्त्वावर चालतात.

दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइट निसर्गतःच सापडतो. पुणे, नाशिक, जळगाव भागातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. मशीनमधला मात्र कारखान्यात बनलेला असतो.

झिओलाइटचा वैरी म्हणजे दमटपणा. पाण्याची वाफ तो नायट्रोजनहूनही घट्ट धरतो आणि चांगलं तापवल्याशिवाय सोडत नाही. म्हणून दमट जागी पडून राहिलेल्या मशीनचा फ्लोमीटर मिनिटाला ५ लिटर दाखवतो, पण ऑक्सिजनची टक्केवारी घसरलेली असते. जाणता मेकॅनिक आधी ॲनालायझर लावतो तो यासाठीच.

हाच दमटपणा चिमणीच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडतानाही आडवा येतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन, शिवाय वाफ. अशा धुरात झिओलाइट आधी पाण्यानंच भरून जातो.

इथे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे ‘मॉफ’, उपयोगी पडतात. धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडायचे आणि छिद्राचा आकार नि स्वभाव आपण ठरवायचा. काहींच्या १ ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग मावतो, म्हणून मिथेन आणि हायड्रोजनच्या साठवणीसाठीही त्यांच्यावर संशोधन चालतं. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना याच कामासाठी मिळालं.

पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत सुजित घोष आणि रामनाथन वैद्यनाथन यांचे गट मॉफवर काम करतात. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जॉर्ज शिमिझूंच्या गटाचा ‘काल्फ-२०’वरचा शोधनिबंध २०२१ साली ‘सायन्स’मध्ये आला, वैद्यनाथन त्याचे सहलेखक. जस्ताचा हा मॉफ दमट धुरातूनही कार्बन डायऑक्साइड उचलतो आणि फार न तापवता सोडून देतो.

वायू पकडणारे पदार्थ पुष्कळ आहेत. हिशेब अडतो तो सोडवण्याच्या खर्चावर. औष्णिक केंद्रानं तयार केलेल्या विजेतली जितकी कमी त्यात जाईल, तितका तो मॉफ चिमणीजवळ बसवण्याच्या लायकीचा.