तारेतून काय जाणार आहे?

घरात दूरदर्शन-संच, ध्वनिवर्धक आणि स्पीकर आले, की ते जोडायला तारा लागतात. दुकानात दहा तऱ्हांच्या तारा असतात व किमतीही दहा तऱ्हांच्या! महाग ती चांगली, असे समजून पुष्कळजण उगाच पैसे मोजतात. खरे पाहता आधी एकच प्रश्न विचारावा : या तारेतून काय जाणार आहे?

स्पीकरच्या तारेतून मोठा प्रवाह जातो. म्हणून तिचा रोध कमी हवा. १ चौ. मि.मी. छेदाच्या १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर १० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार २० मीटर लागते व रोध ०.३४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा अगदी किरकोळ. पण ०.२ चौ. मि.मी.ची तार वापरली, तर रोध पाचपट, म्हणजे १.७ ओहम होतो आणि सहाव्या हिश्शाहून अधिक शक्ती तारेतच उष्णता होऊन वाया जाते! म्हणजे येथे महत्त्व तांब्याच्या जाडीला; टोकांवरच्या सोन्याच्या मुलाम्याला नव्हे.

अँटेनाकडून येणारा संदेश मात्र अत्यंत क्षीण असतो आणि सेकंदाला कोट्यवधी आंदोलने करतो. त्यासाठी समाक्ष केबल लागते. तिच्या मध्यभागी वाहक, त्यावर निरोधक, त्याभोवती धातूची जाळी आणि वर आवरण असते. जाळीमुळे बाहेरचे विद्युत उपद्रव आत शिरत नाहीत. या रचनेचे पेटंट ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्ये घेतले. दूरदर्शनसाठी ७५ ओहमची केबल घ्यावी. अँटेना, केबल व संच यांचा मेळ नसेल, तर लहरींचा काही भाग परावर्तित होतो. अॅनालॉग प्रक्षेपणात त्यामुळे पडद्यावर दुहेरी चित्र दिसे.

एचडीएमआय केबलमधून ० आणि १ हे अंक जातात. अंक बिनचूक पोहोचले, की स्वस्त व महाग केबलचे चित्र अगदी सारखेच! न पोहोचल्यास ठिपके चमकतात किंवा चित्र नाहीसे होते. म्हणून लांबी बेताची ठेवावी आणि संचाला लागणारा वेग वेष्टनावर लिहिला आहे ना, ते पाहावे.

आता एक गणित. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या विसाव्या हिश्शाहून अधिक नको. मग १० मीटर दूरच्या ४ ओहमच्या स्पीकरला केवढी तार हवी? उत्तर १.७ चौ. मि.मी. येईल. बाजारात १.५ आणि २.५ मिळते. यांपैकी कोणती घ्यावी, हे आता तुम्हीच वडीलधाऱ्यांना सांगा!