कोरड्या दिवसांतील काम

मीरा रोडहून रोज असंख्य माणसे लोकलगाडीने मुंबईस कामाला जातात. २६ जुलै २००५ रोजीही ती गेली; परंतु त्या रात्री त्यांपैकी पुष्कळांना घर गाठता आले नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले. कोणी रुळांवरून पायी निघाले, कोणी कचेरीतच रात्र काढली.

मुलांनो, आता नकाशा उघडा. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला! मंत्रालय व महापालिकेची मुख्य कचेरी ही दोन्ही दक्षिण मुंबईत, कुलाब्याच्याच बाजूस. तेथील खिडकीतून पाहणाऱ्यास उपनगरांतील प्रलयाची कल्पना यावी कशी? आणि पाणी कोठे किती चढले हेच ठाऊक नसेल, तर नौका पाठवावी तरी कोठे? म्हणून पर्जन्यमापक कोठे बसवायचा, त्याचा आकडा कोणी वाचायचा, तो कोणास कळवायचा, कोणाच्या आज्ञेने काम सुरू व्हायचे, हे कोरड्या दिवसांतच ठरवावे लागते. यालाच व्यवस्थापन म्हणतात. त्या पुरानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले.

मात्र नुसते ठरवून भागत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यगटारे ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरतीच होती. ती ५० मिलिमीटर पाऊस पेलतील अशी करावीत, असे १९९३ च्या एका अहवालाने सुचविले होते. पूर आला, तेव्हा त्या अहवालास बारा वर्षे झाली होती आणि त्यातील बहुतेक कामे कागदावरच होती.