चॉपरचे सोळा आणे

कारखान्यातून आलेली मोटरसायकल कापून हलकी करायची, पुढचा चिमटा लांबवून आडवा टाकायचा आणि गाडी एका माणसापुरती सोलून काढायची, की तिचा चॉपर होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकन तरुणांनी जड हार्ले-डेव्हिडसन गाड्यांची पुढची मडगार्डे उतरवली आणि मागची छाटली. अशा गाड्यांना बॉबर म्हणत. 1960च्या दशकात करवत चेसिसच्या मानेपर्यंत पोचली. मान मागे कलली, चिमटा लांबला, हँडल उंच झाले. मुळात हे हौशी, पण खिशाने बेताच्या लोकांचे काम होते. क्रोमने मढवलेला, लाखोंच्या किमतीचा चॉपर फार पुढे आला.

1969च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटाने हा आकार जगभर नेला. त्यातल्या गाड्यांची सुरुवात पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्लेंपासून झाली होती. क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी लॉस एंजलिसमध्ये त्या घडवल्या. त्यांची नावे पुढची कित्येक वर्षे कोणाला ठाऊकही नव्हती. ‘कॅप्टन अमेरिका’ नावाच्या मुख्य गाडीला पुढचा ब्रेकच नव्हता. पडद्यावर ते खपून गेले.

भारतात चॉपरचे बीज बुलेटमध्ये सापडते. 1955पासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जुळू लागलेल्या या गाडीचे 346 सीसीचे ओतीव लोखंडी इंजिन (बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी) अर्धशतकाहून अधिक काळ फारसे न बदलता चालू राहिले. त्यामुळे तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि ती उघडून बसवणारा मिस्त्रीही. मुंबईत अक्षय वर्दे यांनी ‘वर्देंची’ या नावाने अशा गाड्या घडवण्याचा व्यवसाय उभा केला. हे नाव परदेशी वाटले, तरी वाचताना मराठी माणसाला त्यातली षष्ठी विभक्ती लगेच ऐकू येते. जयपूरला विजयसिंह अजयराजपुरा यांचे ‘राजपुताना कस्टम्स’ आहे. अभिनेता जॉन अब्राहम यांच्यासाठी त्यांनी केलेली ‘लाइटफूट’ पुष्कळ गाजली. अशा ठिकाणचे काम पाहावे, जोड कसे भरले आहेत ते निरखावे. बेताच्या पैशांतले काम मात्र वेगळ्या वाटेने जाते.

ती वाट जयपूरहून टोंक-कोट्याकडे निघते. या महामार्गावर, जयपूरच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर चाकसू हे तहसिलीचे गाव आहे. जयपूरचे सीतापुरा औद्योगिक क्षेत्र याच रस्त्यावर लागते. चाकसूसारख्या शेतीच्या गावात ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पंप चालू ठेवणारी लेथ, वेल्डिंग आणि पत्र्याची कामे हाताशी असतात. पंपाचे डिझेल इंजिन लाकडी फळ्यांच्या गाड्याला जोडून केलेला ‘जुगाड’ राजस्थानच्या खेड्यांनी वर्षानुवर्षे चालवला. म्हणजे लोखंड कापून जोडण्याची भीती या भागाला नाही. चॉपरला मात्र जुगाडापेक्षा जास्त भूमिती लागते आणि जास्त कागदही.

कागद आधी पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182अ अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही सांगते. आता या प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, काय काय छापलेले असते ते पाहावे: आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन, रंग, दोन चाकांमधले अंतर. एकाच सीटचा, लांब मानेचा, सोललेला चॉपर यातल्या बहुतेक नोंदी खोट्या पाडतो. रंगबदलाची नोंद आरटीओत करून घेता येते. मान कापून वाढवलेल्या लांबीची नोंद साध्या अर्जाने होत नाही. अशी गाडी प्रदर्शनात किंवा खाजगी आवारात शोभेल, महामार्गावर तिला जागा नाही.

म्हणून बेताच्या पैशांतला पहिला निर्णय करवतीचा: मान कापायची की नाही? कायदा बाजूला ठेवला तरी हा प्रश्न पैशांचाच राहतो. ते कसे, हे कोनांच्या हिशेबातून कळते.

स्टिअरिंगचा दांडा उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, त्या कोनाला रेक म्हणतात. दांड्याची रेषा जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक टेकते त्या बिंदूच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. कार्यालयातल्या खुर्चीचे चाक आपल्या खिळ्यामागून फरफटत येते आणि म्हणून सरळ चालते. मोटरसायकलचे पुढचे चाकही त्याच कारणाने स्वतःहून सरळ राहते. ट्रेल फार कमी झाला तर हँडल वेगात थरथरते. फार वाढला तर सरळ रस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते, पण सावकाश वळताना हँडल एका बाजूला लोळते आणि ते परत आणायला दंड लागतात.

गोल आकडे घेऊन हिशेब करता येतो. 19 इंची रिमवर 3.25चा टायर धरला तर चाकाची त्रिज्या सुमारे 324 मिमी येते. चिमट्याच्या नळ्या दांड्यापासून 60 मिमी पुढे आणि रेक 27 अंश धरला, तर ट्रेल सुमारे 98 मिमी निघतो. हाच रेक 40 अंशांवर नेला, बाकी काही बदलले नाही, तर ट्रेल 194 मिमीच्या आसपास जातो. जवळजवळ दुप्पट. शिवाय मान कलली की गाडीचे नाक खाली येते. ते पूर्वीच्या उंचीवर ठेवायचे तर 70 सेंटिमीटरचा चिमटा सुमारे 83 सेंटिमीटर करावा लागतो. चाक वीसेक सेंटिमीटर पुढे सरकते आणि बुलेटचे 1370 मिमीचे चाकांतर 1580च्या घरात पोचते.

नळी नुसती लांब होत नाही, तिचा ताठपणाही जातो. एका टोकाला धरलेली नळी त्याच भाराने किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर ठरते, आणि आडव्या पडलेल्या चिमट्यावर भाराचा वाकवणारा वाटाही वाढतो. वरच्या उदाहरणात दोन्ही परिणाम गुणले तर नळी पूर्वीच्या दुपटीहून अधिक वाकते. म्हणून जुन्या नळीच्या डोक्यावर आटे पाडून लेथवर केलेला तुकडा चढवायचा, हा स्वस्त उपाय सर्वांत महाग पडू शकतो. तो जोड नेमका सर्वाधिक ताणाच्या जागेजवळ येतो. लांबवायचेच असेल तर पूर्ण लांबीची, अखंड, सीमलेस नळी हवी, आणि शक्य झाल्यास अधिक जाड.

चेसिसची अडचण वेगळी आहे. जुन्या बुलेटच्या सांगाड्याला इंजिनाखालून जाणारा पाळणा नाही. पुढची एकच उतरती नळी इंजिनापाशी येऊन थांबते, आणि इंजिनच तो चौकोन पुरा करते. मान कापून कलवताना ही नळी दोन मिलिमीटर जरी हलली, तरी इंजिनाचे बोल्ट भोकांत उतरत नाहीत. ते हातोडीने उतरवले तर गाडी आयुष्यभर थरथरते. म्हणून कापण्याआधी चेसिस पक्की धरणारा लोखंडी साचा करावा लागतो. त्या साच्याचा खर्च गाडी एक असो की दहा, तेवढाच. मोठ्या कार्यशाळेत तो अनेक गाड्यांवर वाटला जातो, चाकसूत एकट्या माणसाच्या अंगावर पडतो.

मान न कापताही चॉपरचा बांधा बराचसा मिळतो. मागचे शॉकअप आखूड घेऊन गाडी मागून 5 सेंटिमीटर खाली आणली, तर 1370च्या चाकांतरावर सगळी गाडी सुमारे 2 अंश मागे कलते. रेक 27चा 29 होतो, ट्रेल 98चा 111. पुढचे चाक न सरकता गाडी बसकी दिसू लागते. हे दोन अंश जवळजवळ फुकट मिळतात. फक्त गतिरोधकावर पोट घासणार नाही एवढी उंची उरली आहे का, ते दोन माणसे बसवून मोजावे. आरसीवरची आसनसंख्या पाळायची तर मागची सीट काढून टाकण्याऐवजी बारीक करावी. चाकसूजवळच्या शील की डूंगरीवर शीतलामातेची जत्रा भरते. तिकडच्या पंचांगात ती चैत्र कृष्ण अष्टमी, मराठी पंचांगात फाल्गुन वद्य अष्टमी. तशा गर्दीतून पायाच्या गतीने गाडी काढताना 111चा ट्रेल हाताला कळतही नाही. 194चा घाम काढतो.

पैशांचा हिशेब रुपयाच्या सोळा आण्यांत मांडला की भाव बदलले तरी तो चुकत नाही. सहा आणे मूळ गाडीला. चार आणे इंजिन, ब्रेक आणि टायरला. तीन आणे लोखंडाच्या कामाला, म्हणजे शॉकअप, हँडल, टाकी, सीट आणि मडगार्ड. एक आणा रंगाला. उरलेल्या दोन आण्यांना हात लावायचा नाही. ते न दिसलेल्या खर्चाचे, आणि तो येतोच. मान कापायची ठरली तर लोखंडाचे तीन आणे सहज सहा होतात. ती भर बहुतेक वेळा ब्रेक-टायरच्या वाट्यातून काढली जाते. स्वस्त चॉपर फसतात ते प्रामुख्याने इथे.

मूळ गाडी निवडताना भावाआधी कागद पाहावेत. खाजगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण नूतनीकरणाच्या तपासणीला ती वर्षभरातच उभी राहणार असते. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत, घासल्याची खूण दिसली तर व्यवहार तिथेच सोडावा. लिलावातून आलेल्या लष्करी बुलेटचे आकर्षण मोठे असते. त्यांचे लोखंड चांगले, कागद मात्र दुप्पट बारकाईने वाचावेत.

बुलेट महाग पडत असेल तर पुण्याच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर हा समंजस पर्याय आहे. 2001च्या कावासाकी-बजाज एलिमिनेटरचा वारसा घेऊन ती 2005मध्ये आली. कारखान्यातूनच तिची मान कललेली, सीट बसकी, पावदान पुढे. चॉपरची अर्धी वाट तिने कायद्याने चाललेली असते. शुद्धतावादी नाक मुरडतात, कारण तिच्या इंजिनाला बुलेटचा तो संथ ठोका नाही. त्या ठोक्यासाठी किती आणे मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ठोक्याच्या हौसेपायी सायलेन्सर उघडा करण्याचा मोह आवरावा. जप्त केलेल्या सायलेन्सरांच्या रांगेवरून पोलिसांचा रोडरोलर फिरत असल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत नेहमी येतात.

रुंद मागचा टायर ही दुसरी ओढ. साखळीची रेषा गिअरबॉक्सच्या दातेरी चक्रावर ठरलेली असते. टायर रुंद केला की त्याची कड साखळीला घासते, मग चक्र बाहेर सरकवावे लागते, मग मागचा चिमटा रुंद करावा लागतो, आणि सहा महिन्यांनी बेअरिंग बोलू लागते. मूळ मापाचा नवा टायर रुंद जुन्या टायरपेक्षा केव्हाही बरा. पुढच्या ब्रेकच्या बाबतीत ‘कॅप्टन अमेरिका’ विसरावी. ब्रेक दाबताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते.

टाकीसाठी भंगारातून दुसऱ्या गाडीची टाकी आणणे स्वस्त पडते. पण पेट्रोल राहिलेल्या टाकीला वेल्डिंगची ज्योत लावू नये. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते आणि बाँबसारखी फुटते. टाकीच्या बैठकीच्या पट्ट्या बदलायच्या असतील तर त्या शक्यतो चेसिसच्या बाजूने, बोल्टवर कराव्यात. लोखंडी जोडांना सीओ-टू वेल्डिंग मिळाले तर उत्तम. साध्या आर्कने पातळ पत्रा जळतो.

बहुतेक अंदाजपत्रकांत केबली सुटतात. हँडल उंच झाले की क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तिन्हींच्या केबली तोकड्या पडतात, वायरिंगचा गुच्छही मानेपाशी ताणला जातो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, तारांना ढील ठेवून मापे घ्यावीत. ताणलेल्या केबलने वळणावर इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. राखीव दोन आण्यांतला पहिला पैसा इथेच जातो.

रंग शेवटचा. सगळी गाडी कच्च्या लोखंडावर जोडून, दिवे, ब्रेक आणि नंबरप्लेट बसवून, टोंक रस्त्यावर काही दिवस चालवावी. रोज परतल्यावर प्रत्येक जोडावरून कापड फिरवावे. भेग असेल तर तिच्या कडेला धागा अडकतो, आणि पुढे गंजाची बारीक रेघ दिसते. पुट्टी आणि रंगाच्या थराखाली हीच भेग महिनोन्‌महिने लपते. बोल्ट पहिल्या धावेनंतर एकदा आणि मग पुन्हा एकदा आवळावेत. एका सिलिंडरचे इंजिन ते सैल करतेच. जोड शाबूत राहिले की गाडी पुन्हा सुटी करावी, चेसिस पावडर कोटिंगला पाठवावी, टाकी रंगवावी. रंग आरसीवरचाच ठेवला तर आरटीओची एक खेप वाचते.