चार पेल्यांची परीक्षा

आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नाही अशी आपली समजूत आहे. पगारकपातीविषयी युनियनच्या कचेरीत टेबलावर हात आपटून बोलणारा कामगार, लघवीच्या जागेचे दुखणे सांगायचे झाले की सगळे निघून जाईपर्यंत दारापाशी रेंगाळतो. वागळे इस्टेटीत पाळी करून कोपरीला परतणारे असे कितीतरी गडी मी पाहिले. ओटीपोटात आणि बैठकीच्या जागी ठणका, लघवीला जळजळ, रात्री तीनतीनदा उठणे. खिशात चिठ्ठ्यांची चळत आणि प्रत्येक चिठ्ठीवर नवे अँटिबायोटिक. जंतू कोणता, हे मात्र एकाही चिठ्ठीवर नाही!

मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून, अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की ते जुनाट म्हणायचे. अशा शंभर रोग्यांपैकी पाच-दहा जणांतच जंतू सापडतात. बाकीच्यांचे दुखणे खोटे नसते. पण ते जंतूंचे नव्हे, आणि त्यावर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेतल्याने खिसा रिकामा होतो, पोट बिघडते आणि शरीरातले इतर जंतू औषधाला जुमानेनासे होतात.

मग ओळखायचे कसे? गिरणीत कापडाला डाग दिसला, तर तो साचेखात्यात पडला की रंगखात्यात, हे प्रत्येक खात्यातला माल वेगळा काढूनच कळते. लघवीचेही तसेच. १९६८ साली अमेरिकेतील मिअर्स आणि स्टॅमी या डॉक्टरांनी हीच युक्ती मांडली. सुरुवातीची सुमारे १० मिलिलिटर लघवी पहिल्या पेल्यात. ती नलिकेची साक्ष. मधली धार दुसऱ्यात, ती मूत्राशयाची. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबतात. जे थेंब येतात ते तिसऱ्यात आणि लगेच नंतरची लघवी चौथ्यात. चारही पेल्यांचे कल्चर निरनिराळे करायचे. शेवटच्या दोहोंत पहिल्याहून दहापट जंतू निघाले, तर मुक्काम ग्रंथीत आहे असे ठरते. बहुधा तो ई. कोलाय असतो. नुसत्या पू-पेशी दिसल्या म्हणजे जंतू आहेत, असे मात्र धरू नये.

चार कल्चरचा खर्च आणि खटाटोप कोण करतो? म्हणून १९९७ मध्ये कॅनडाच्या निकेल यांनी दोनच पेले सुचवले : ग्रंथी दाबण्यापूर्वीचा आणि नंतरचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

अँटिबायोटिक चालू असताना जंतू दबून बसतात आणि परीक्षा फसते. तेव्हा गोळी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना कल्चरचे विचारावे. थंडी वाजून ताप असेल तर ग्रंथी दाबू देऊ नये, जंतू रक्तात पसरण्याचे भय असते. तेव्हा सरळ इस्पितळ गाठावे. आणखी एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. लघवीत पू दिसतो, पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे वारंवार झाले तर क्षयाची तपासणी मागावी. क्षयाचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाही.